वाड्याच्या आराखड्यातील वहिनींची खोली

गेल्या श्रावणात माझ्या पुतण्याने एक निळी फाईल माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही बत्तीस वर्षे लोकांचे प्रकल्प अहवाल तपासलेत. आता घरचा एक तपासून द्या." फाईलच्या पहिल्या पानावर सुबक अक्षरांत छापले होते : 'बुटीक हेरिटेज हॉटेल, समुद्रपूर'.

मला प्रथम हसू आले, हे कबूल करतो. समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे एक लहान गाव. तहसील कचेरी, बाजार, शाळा आणि सभोवार कापूस, सोयाबीन, तूर. फिरता विक्रेताही येथे काम आटोपले की मुक्कामाला हिंगणघाट गाठतो. अशा गावात, ज्याला मुंबई-पुण्याकडचे लोक 'स्टायलिश' म्हणतात तसले हॉटेल कोण काढणार आणि त्यात कोण उतरणार?

परंतु दुसरे पान उलटले आणि हसू मावळले. त्यावर आमच्या वाड्याचा नकाशा होता. रस्त्याकडील ओसरी, मधले अंगण, सागवानी खांबांची माडी, आजोबांच्या काळातला कापसाचा कोठा, मागची सांदवाडी, सारे काही मापानिशी काढलेले. कोठ्याच्या जागी 'कॅफे', माडीवर तीन खोल्या, आणि खाली अंगणाकडे उघडणाऱ्या पूर्वेच्या खोलीवर लिहिले होते : 'हेरिटेज सूट – १'.

ती खोली वहिनींची आहे. माझे थोरले बंधू जाऊन अकरा वर्षे झाली. वहिनींचे वय आज अठ्ठ्याहत्तर. त्या खोलीत त्यांचा पलंग आहे, सामायिकाचे आसन आहे, आणि खिडकीतून अंगणातला पारिजातक दिसतो. आराखड्यात पारिजातक होता, वहिनी नव्हत्या.

मी विचारले, "आणि आई?"

"आईला मी पुण्याला नेणार आहे, काका."

"तिला विचारलेस?"

"अजून नाही. आधी आकडे जमताहेत का ते बघू."

मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. कर्ज मंजुरीपूर्वी स्थळपाहणी करावी, ही आमच्या खात्याची जुनी शिस्त. फाईलच्या शेवटी पणजीच्या 'पणजिम इन' या हॉटेलची छायाचित्रे आदर्श म्हणून डकवलेली होती. तेव्हा आधी हा आदर्श तरी पाहून यावा, असे मी ठरविले. सौभाग्यवतींची गोवा पाहण्याची इच्छा बरीच वर्षे थकबाकीत होतीच.

निघण्यापूर्वी थोडे वाचन केले. 'बुटीक' हा शब्द फ्रेंच. अर्थ लहानसे दुकान. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'कोठार' असा आहे. आमच्या कापसाच्या कोठ्याला हे नाव लावण्यात भाषेच्या दृष्टीने तरी काही वावगे नाही! हॉटेलांच्या संदर्भात हा शब्द रूढ झाला तो १९८० च्या दशकात. लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल या अभिनेत्री-सजावटकार बाईंनी त्याच्या थोडे आधी 'ब्लेक्स' हे हॉटेल आपल्या आवडीनुसार नटवले होते. सॅन फ्रान्सिस्कोत १९८१ साली बिल किम्प्टन यांनी जुनी इमारत घेऊन लहान हॉटेल सुरू केले. हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे गुंतवणूक बँकर, हे वाचून मला उगाचच बरे वाटले. आणि न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी 'मॉर्गन्स' उघडले. आंद्रे पुतमान या फ्रेंच सजावटकार बाईंनी त्याची रचना केली. मोठी हॉटेले म्हणजे सर्व काही विकणारी भव्य भांडारे; आमचे म्हणजे निवडक मालाचे छोटे दुकान, अशी उपमा रुबेल यांनी दिली आणि तीच पुढे जगभर चालली. हे दोघे त्याआधी करचुकवेगिरीसाठी तुरुंगात जाऊन आलेले होते. माझ्या टेबलावर त्यांचा अर्ज आला असता तर मी तो निश्चितच परत पाठवला असता. पतपुरवठ्याचे सगळे नियम पाळूनही माणूस कधी कधी चांगला धंदा हातचा घालवतो, तो असा.

आपल्याकडे या कल्पनेला वाट मिळाली ती जुन्या वास्तूंतून. अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी राजस्थानातील नीमराणा येथील पडका किल्ला १९८६ मध्ये विकत घेतला, दुरुस्त केला आणि १९९१ मध्ये तेथे पाहुणे उतरू लागले. पडक्या भिंतीही पैसे मिळवू शकतात, हे त्यांनी दाखवले. मुंबईत कुलाब्याला रीगल सिनेमाच्या मागे लॅन्सडाउन हाउस नावाच्या जुन्या इमारतीत 'अबोड' नावाचे असेच हॉटेल आहे. पण पुतण्याच्या मनात भरली होती ती पणजी.

वर्ध्याहून मडगावला जाणारी गाडी एक दिवसाहून अधिक वेळ घेते. रात्र विदर्भ-खानदेशात जाते आणि दुसरा दिवस कोकणातल्या बोगद्यांत. आम्ही नोव्हेंबरात गेलो. पणजीत फोंताइन्हास नावाची जुनी वस्ती आहे. मांडवीला मिळणारी खाडी एका बाजूला आणि आल्तिनोची टेकडी दुसऱ्या बाजूला, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ती वसली आहे. नावाचा अर्थ लहान झरे. टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, त्यावरून ते पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियु जुआंव द सिकेरा नावाच्या गृहस्थाची येथे माडांची बाग होती. तो मोझांबिकमध्ये पैसा कमावून आला, म्हणून लोक त्याला 'मोशमीकार' म्हणत. पुढे जुने गोवे साथीच्या रोगांनी ओस पडत गेले, राज्यकर्ते पणजीला आले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि सरकारी नोकरीतल्या कुटुंबांनी या बागेत घरे बांधली. म्हणजे आज ज्याला सौंदर्याचा नमुना म्हणून पाहायला लोक येतात, ती मुळात कारकून-अधिकाऱ्यांची वसाहत. हे कळल्यावर मला त्या गल्ल्या एकदम ओळखीच्या वाटू लागल्या.

घरे पिवळी, निळी, तांबडी, हिरवी. पावसाळा संपला की दरवर्षी घर रंगवावे आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवावा, असा पोर्तुगीज काळातला दंडक सांगतात. आम्ही गेलो तेव्हा काही भिंतींचा रंग अगदी ताजा होता. भिंती जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा, छपरावर कौले. आपण विदर्भात ज्यांना कवेलू म्हणतो, त्यांचीच ही मोठी आणि चपटी बहीण. काही खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले बसवलेले आहेत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. दारापुढे दोन बाजूंना बसायला कट्टे असलेली ओसरी असते, तिला तेथे बल्कांव म्हणतात. घरातले म्हातारे माणूस संध्याकाळी तेथे बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलते. आमच्या ओसरीचे कामही तेच होते. बंगईवर बसलेले आजोबा अर्ध्या गावाची खबर ठेवत.

रस्त्यांची नावे अजून जुनीच आहेत. 'पणजिम इन' ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव '३१ जानेवारी रस्ता'. १८९१ साली त्या तारखेला पोर्तुगालच्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला होता, त्याची ही आठवण. जवळच सेंट सेबॅस्टियनचे लहान चॅपेल आहे. त्यातला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्या न्यायासनासमोर किती जणांना उभे केले गेले असेल, हा विचार मनात आला आणि रंगीत भिंतींकडे पाहताना आलेली प्रसन्नता क्षणभर ओसरली.

हॉटेल म्हणजे एक इमारत नव्हे, तीन आहेत. मुख्य घर एकोणिसाव्या शतकातले. समोर 'पणजिम पौझाद', हे जुने हिंदू घर, मधोमध चौक असलेले. तिसरी इमारत पूर्वी शाळा होती, पीपल्स हायस्कूल. नावातही ती आठवण ठेवली आहे. मोठमोठ्या साखळी-हॉटेलांत दोनशे खोल्या एकाच साच्यातल्या असतात. येथे तसे करायचे म्हटले तरी शक्य नाही. कुठे छत उंच, कुठे खांब मध्येच, कुठे दोन पायऱ्या चढून न्हाणीघर. जुने शिसवी पलंग, कपाटे, खुर्च्या. माडीवर रस्त्याकडे उघडणारा लांब व्हरांडा आहे, तेथे बसून न्याहारी करता येते. मी चहा घेत तासभर बसलो आणि मनातल्या मनात ताळेबंद मांडत राहिलो. येथे येणारा पाहुणा पैसे नेमके कशाचे देतो? गादी आणि चादर कुठेही मिळते. तो पैसे देतो व्हरांड्यातून दिसणाऱ्या गल्लीचे, समोरच्या भिंतीच्या रंगाचे, खालून सायकलवर जाणाऱ्या पाववाल्याच्या भोंग्याचे. आणि यातले एकही हॉटेलच्या मालकीचे नाही! ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला ती गल्ली कुठेही लिहिता येत नाही. ती शेजाऱ्यांची आहे.

शेजाऱ्यांना त्याचा मोबदला काय मिळतो? हे पाहायला मला फार हिंडावे लागले नाही. काही दारांवर पाट्या होत्या : येथे राहते कुटुंब आहे, छायाचित्रे काढू नका, आवाज करू नका. सकाळी नऊ वाजता एका निळ्या घरापुढे नवरदेव-नवरीच्या पोशाखातले जोडपे, छायाचित्रकार आणि आरसे धरणारी मुले अशी सगळी वरात उभी होती. आतल्या माणसाला बाहेर पडायचे होते. त्याने दार किलकिले केले, पाहिले आणि पुन्हा लावून घेतले. स्वतःच्या उंबरठ्यावरून बाहेर पडण्यासाठी त्याला वाट पाहावी लागली. एका बल्कांवावर वहिनींच्या वयाच्या बाई पेपर वाचत बसल्या होत्या. पर्यटकांचा एक घोळका त्यांच्याकडे मोबाइल रोखून उभा राहिला. त्यांनी पेपर थोडा वर धरला, इतकेच. त्या गल्लीचे सारे मोल अशा माणसांमुळे आहे. ती उठून गेली, घरे विकली गेली, प्रत्येक दारामागे कॅफे आला, तर उरतील ते फक्त रंगीत पडदे. जगात जेथे जेथे अशी वस्ती 'फॅशनेबल' झाली, तेथे तेथे हा प्रश्न उभा राहिला आहे. तसे पाहता हॉटेलाने घर पडण्यापासून वाचवले, हेही खरेच आहे. दुरुस्तीला पैसा नसलेल्या वारसांच्या हातून किती वाडे ढासळले, हे आपण वऱ्हाड-नागपूरकडे रोज पाहतो. माझे मत असे झाले की, पाहुण्यांना जागा देणारे घर चालते. ज्यात फक्त पाहुणेच राहतात ते घर हळूहळू देखावा होते.

आम्ही स्वतः उतरलो होतो ते त्याच परिसरातील दुसऱ्या एका लहान निवासात. जिना उभा, लाकडी आणि करकरणारा. लिफ्टचा प्रश्नच नाही. माझ्या गुडघ्यांनी दोन दिवस निषेध नोंदवला. रात्री कुठूनसे संगीत साडेअकरापर्यंत चालू होते. जुन्या भिंतींची तारीफ करणाऱ्यांनी ही बाजूही सांगायला हवी. पण एका बाबतीत लहान जागेने मोठ्या हॉटेलांवर मात केली. आमचे जेवण सूर्यास्तापूर्वी, कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य. मोठ्या हॉटेलात रात्रीचे जेवण साडेसातला मांडले जाते, आणि 'जैन' म्हटले की आचारी कांदा वेचून बाजूला करतो. येथे स्वयंपाकघर म्हणजे दोन शेगड्या आणि एक बाई. सौभाग्यवतींनी आत जाऊन पाच मिनिटे बोलणे केले. दोन्ही दिवस साडेपाचला गरम भाकरी, अळसांद्याची उसळ आणि वरण-भात पुढे आला, उकळलेले पाणी तांब्यात झाकून. दहा खोल्यांच्या घरात पाहुण्याचे ऐकून घेता येते. या धंद्याचे भांडवल म्हणतात ते बहुधा हेच, असे मी वहीत टिपून ठेवले.

आपल्या समाजाला प्रवासात उतरण्याची वेगळी सवय आहे. भद्रावतीला पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो की धर्मशाळा, भोजनशाळा. मुंबईत सी. पी. टँकजवळ शेठ माणिकचंद हिराचंद यांनी वडिलांच्या नावे उभारलेली हिराबाग. तेथे खोली साधी, भाडे नाममात्र, नियम भिंतीवर. त्यामुळे एका रात्रीचे काही हजार रुपये द्यायचे ही कल्पनाच आमच्या पिढीला टोचते. पण धर्मशाळा चालते दानावर आणि हॉटेल चालते वसुलीवर. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावता येत नाही. पुतण्याची फाईल मला वसुलीच्याच नजरेने तपासायची होती.

परत आल्यावर ती तपासली. खोल्या पाच. एका रात्रीचे भाडे ३,००० रुपये. वर्षभरात सरासरी ६० टक्के खोल्या भरतील, असे त्याने गृहीत धरले होते. म्हणजे १,८२५ पैकी १,०९५ खोली-रात्री आणि ३२,८५,००० रुपये उत्पन्न. कर्ज ४० लाख, सात वर्षे, व्याज १० टक्के. हप्ता महिना सुमारे ६६,४००, वर्षाला जवळपास आठ लाख. चार माणसांचे पगार पावणेसहा लाख, ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन १८ टक्के धरले तर आणखी सहा लाख. वीज, धुलाई, न्याहारी, डागडुजी मिळून सात. हाती राहतात चौदा लाख. हप्त्याच्या पावणेदोन पट. कागदावर कोणताही शाखाधिकारी याला नाही म्हणणार नाही.

मग मी फक्त एक आकडा बदलला. ६० च्या जागी ३० टक्के. उत्पन्न १६ लाख ४१ हजारांवर आले. पगार तेवढेच राहिले, कारण खोली रिकामी असली तरी माणूस हजर लागतो. कमिशन निम्मे झाले, इतर खर्च साडेचार लाखांपर्यंत उतरला. हाती राहिले सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर. हप्ता मात्र तोच आठ लाखांचा. पहिल्याच वर्षी खाते थकीत. लहान हॉटेलाचा हा मूळ धोका आहे. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात दहा रिकाम्या राहिल्या तर कळतही नाही. पाचांतल्या तीन रिकाम्या राहिल्या तर मालकाची झोप उडते. कराचे तसे ओझे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला आहे. पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून दुरुस्तीच्या साहित्यावरचा कर खर्चातच धरायला हवा. पुतण्याने तो धरला नव्हता.

मी त्याला विचारले, "३० की ६०, हे ठरणार कशावर?"

त्याने नकाशा पसरला. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग आपल्याच तालुक्यातील जामवरून जातो आणि चंद्रपूरचा रस्ता तेथेच फुटतो. ताडोब्याला जाणाऱ्या मोटारी त्याच वाटेने. दुसरीकडे सेवाग्राम. तालुक्यातच गिरडची टेकडी, ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा, जेथे सर्व धर्मांचे लोक जातात. "लोक जवळून जातात, काका. थांबत नाहीत, कारण थांबायला काही नाही."

त्याचे म्हणणे मला अगदीच फोल वाटले नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत माती, बांबू आणि कवेलू यांखेरीज काही नाही. तरी ती पाहायला जगभरातून माणसे येतात आणि बराच वेळ गप्प बसून राहतात. नेटके, स्थानिक, कमीत कमी सामानाचे घर पाहण्याची ओढ माणसाला असतेच. परंतु जाणारा थांबेल तो एका रात्रीपुरता, आणि ताडोब्याचे अरण्य पावसाळ्यात बंद असते. मे महिन्यात आमच्याकडचे तापमान ४५ अंशांना भिडते. ६० टक्के हे स्वप्न होते. शिवाय फोंताइन्हासमध्ये हॉटेलाला एक आखीव गल्ली आयती मिळाली आहे. आमच्या वाड्यासमोर सिमेंटची दुकाने, त्यावर लोखंडी शटर. येथे पाहुण्याने पाहावे असे जे काही आहे ते दाराच्या आत आहे : अंगण, पारिजातक, आणि सांदवाडीतली विहीर.

एवढे झाल्यावर मी फाईल घेऊन वहिनींकडे गेलो. पुतण्या बरोबर होता. त्यांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवून विचारले, "भाऊजी, ही माझी खोली का?"

मी हो म्हटले.

"आणि हे काय लिहिलंय?"

पुतण्याने वाचून दाखवले. वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या, आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा माडीवर नागपूरचे अडते उतरायचे. कापसाच्या मोसमात आठ-आठ दिवस. सासूबाई त्यांचा स्वयंपाक करायच्या, मी वाढायची. त्या वेळी त्यांचे कोणी पैसे घेत नव्हते एवढंच. पाहुणे या घराला नवे नाहीत, रे. तू मला का घालवतोस?"

पुतण्याची मान खाली गेली. मीही दुसरीकडे पाहिले. कारण आकड्यांची चूक मी पहिल्या दिवशी काढली होती. ही चूक दिसूनही तीन महिने मी स्थळपाहणी करत बसलो होतो.

त्या रात्री मी नियमावली पुन्हा काढली. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत 'हेरिटेज' हॉटेल म्हणून मान्यता हवी असेल तर वास्तू १९५० पूर्वीची आणि खोल्या किमान पाच लागतात. वाडा जुना आहे, ती अट पुरी होते. पण वहिनींची खोली वगळली की खोल्या चारच उरतात. तो दरवाजा बंद. त्याच मंत्रालयाची दुसरी एक योजना आहे, निवास आणि न्याहारीची. तीत एक ते सहा खोल्या चालतात. आणि तिची मुख्य अट अशी की, मालकाने आपल्या कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे. मी ते कलम दोनदा वाचले. सातबारा आणि नमुना आठ काढून पाहिले. बंधूंच्या पश्चात घर वहिनींच्याही नावे आहे. ज्यांना आराखड्यातून पुण्याला पाठवले होते, त्यांच्या राहण्यावरच आता अर्ज उभा राहत होता.

सकाळी पुतण्याला फोन करून सांगितले. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. नंतर तो म्हणाला, "मग चार लाखांत माडीच्या दोन खोल्या करू, काका. कर्ज नको. जमलं तर पुढच्या दोन."

या आकड्याला माझी हरकत नव्हती. दोन खोल्या, स्वतःचे पैसे, हप्ता शून्य. ३० टक्के भरल्या तरी घराची डागडुजी निघते, आणि न भरल्या तरी कवेलू तर बदलून होतात. कॅफे रद्द झाला आहे. कोठ्यात तूर्त वहिनींच्या चिंचा आणि माझी जुनी खातेपुस्तके आहेत.

वहिनींनीही आपल्या अटी घातल्या आणि पुतण्याने त्या मुकाट्याने लिहून घेतल्या. घरात मांस आणि दारू येणार नाही. पाणी गाळूनच भरायचे. पाहुण्याने सामायिकाच्या वेळी अंगणात मोबाइलवर बोलू नये. रात्री चूल पेटणार नाही. ज्याला जेवायचे त्याने दिवस मावळण्यापूर्वी यावे, नाहीतर जामच्या धाब्यावर जाऊन यावे. मी म्हटले, "वहिनी, अशाने पाहुणे येतील का?"

"जे येतील ते येतील," त्या म्हणाल्या आणि न्याहारीला काय काय करता येईल ते मोजू लागल्या : सांजा, मुगाचे धिरडे, सातूचे पीठ, आंबील, कैरीचे पन्हे. यादी लांबत गेली.

सुतार येऊन माडीची मापे घेऊन गेला आहे. सागाची एक तुळई वाळवीने खाल्ली आहे, बाकी ठणठणीत. नव्या नकाशाची प्रत पुतण्याने मला पाठवली. पूर्वेच्या खोलीवर या वेळी त्याने काहीच लिहिलेले नाही. ती जागा कोरी आहे.